कारखाने गमावणारा पुढे गेला

माझी नोकरी फौजेत झाली, सिग्नल्समध्ये. तरुणपणी एका सरावात टेलिफोनच्या केबलची रिळं न मोजताच मी तुकडी पुढे नेली. केबल मध्येच संपली आणि पुढे चार दिवस बोलणी खाल्ली. इंटेल आणि एएमडी यांची चढाओढ वाचताना मला ती रात्र आठवत राहिली.

एएमडीचे संस्थापक जेरी सँडर्स म्हणायचे, खऱ्या मर्दाचा स्वतःचा फॅब असतो. फॅब म्हणजे चिपचा कारखाना. त्याच एएमडीला २००९ मध्ये ड्रेस्डेनचे कारखाने अबुधाबीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या ग्लोबलफाउंड्रीज या वेगळ्या कंपनीकडे द्यावे लागले. पाहणाऱ्यांना वाटलं, संपली ही कंपनी. इंटेल मात्र जोरात होती. २०१४ मध्ये तिची १४ नॅनोमीटरची चिप बाजारात आली. (हे नॅनोमीटर आता चिपवरच्या कुठल्याच मापाशी नेमके जुळत नाहीत, पिढीचं नाव समजा.)

पुढची पिढी १० नॅनोमीटरची. एरवी पिढी बदलली की तेवढ्याच जागेत साधारण दुप्पट ट्रान्झिस्टर बसवतात. इंटेलने ठरवलं, २.७ पट बसवायचे! आणि तेही १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जुन्याच प्रकाशाने. म्हणजे जाड कुंचल्याने बारीक रेघा ओढायच्या. त्यासाठी एका रेघेच्या चार करायच्या, थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे. जितक्या पायऱ्या, तितक्या चुकायच्या जागा. २०१५ च्या जुलैत कंपनीने सांगितलं, चिप २०१७ च्या उत्तरार्धात येईल. मोठ्या संख्येने ती आली २०१९ मध्ये.

लोक म्हणतात, इंटेलने एएसएमएलचं १३.५ नॅनोमीटर प्रकाशाचं नवं यंत्र वेळेत वापरलं नाही, म्हणून ती मागे पडली. मला हे अर्धंच पटतं. त्या यंत्राच्या विकासासाठी २०१२ मध्ये सर्वांत मोठी रक्कम इंटेलनेच लावली होती. आणि तैवानच्या टीएसएमसीने २०१८ मध्ये ७ नॅनोमीटरची पहिली चिप काढली, तीही जुन्याच प्रकाशाने. फरक उडीच्या लांबीत होता. टीएसएमसी १६, मग १०, मग ७ अशी चढत गेली. वाटेत मोबाइलवाल्यांच्या प्रचंड ऑर्डरींवर हात बसत गेला. केबल मोजून चाल केली, असं आम्ही म्हणू.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये ग्लोबलफाउंड्रीजने ७ नॅनोमीटरचा नाद सोडला. एएमडीने आपलं काम टीएसएमसीकडे नेलं. स्वतःचे कारखाने असते तर हे इतकं सहज जमतं ना! २०१९ च्या जुलैत तिचे ७ नॅनोमीटरचे रायझेन दुकानात आले, तेव्हा इंटेलचे डेस्कटॉप प्रोसेसर अजून १४ वरच होते.

२०२४ मध्ये इंटेलचा लुनार लेक आला. त्याचा मुख्य गणनेचा तुकडा टीएसएमसीकडून बनवून घेतलेला आहे.