चार तारांचं कुळ

ओपनओसीडी हे अवजार आज प्रोसेसरच्या पोटात डोकवायला वापरतात. त्याचा मूळ पुरुष मात्र सोल्डरिंग नीट झालंय की नाही, एवढंच बघायला निघाला होता.

१९८०च्या दशकात तयार सर्किट बोर्ड खिळ्यांच्या गादीवर दाबून तपासत. एकेक खिळा एकेका जोडाला टेकायचा. पुढे चिपचे पाय बारीक आणि दाट झाले, बोर्डाचे थर वाढले. खिळा टेकायला जागाच उरेना. १९८५मध्ये फिलिप्सच्या पुढाकाराने युरोपातल्या कंपन्या एकत्र आल्या, पाठोपाठ अमेरिकेतल्याही आल्या, आणि या मंडळाचं नाव पडलं जॉइंट टेस्ट अ‍ॅक्शन ग्रुप, म्हणजेच जेटॅग. त्यांनी तपासनीस चिपच्या आतच बसवला: प्रत्येक पायामागे एक छोटा कप्पा, सगळे कप्पे एका साखळीत. एका टोकाने बिट ढकलायचे, दुसऱ्या टोकाला वाचायचे. लागतात चार तारा: घड्याळ, अवस्था बदलणारी, आत जाणारी आणि बाहेर येणारी. १९९०मध्ये ते आयट्रिपलई ११४९.१ हे मानक झालं.

चिपमध्ये अशी वाट आयतीच मिळाल्यावर प्रोसेसर रचणारे तिचा फायदा न घेते तरच नवल. तोवर चालत्या प्रोग्रामचा दोष शोधायचा तर बहुतेकदा प्रोसेसरच्या जागी महागडा इन-सर्किट एम्युलेटर लावावा लागे. एआरएम७टीडीएमआय या प्रोसेसरच्या नावातली 'डी' आणि 'आय' ही अक्षरं डीबगिंगच्याच सोयीची आहेत. त्याच चार तारांवरून प्रोसेसर थांबवा, रजिस्टर वाचा, पुन्हा सोडा. मानक सर्वांना खुलं होतं. ते वापरणारं सॉफ्टवेअर मात्र बहुतेक विकत घ्यावं लागे.

२००५मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्गच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठात डॉमिनिक राथ या विद्यार्थ्याने पदविकेच्या प्रबंधासाठी ओपनओसीडी लिहिलं आणि जीपीएल परवान्याखाली सोडून दिलं. त्यातली हुशारी मला वाटते ती अशी की त्याने नवा डीबगर लिहिलाच नाही. रिचर्ड स्टॉलमनचा जीडीबी १९८६पासून होताच. ओपनओसीडी मधला दुभाषी झाला: ३३३३ क्रमांकाच्या पोर्टवर जीडीबीचं ऐकायचं, ४४४४वर माणसाचं, आणि दोघांचं म्हणणं चार तारांवर चिपला सांगायचं.

डेबियन लिनक्सवर ते बसवणं सोपं. 'सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल ओपनओसीडी' एवढी एक ओळ, आणि लिबयूएसबीसारखी त्याची भावंडं आपसूक येतात. अडतं ते परवानगीपाशी. यूएसबीला लावलेला, चिपच्या तारांशी जोडणारा अ‍ॅडाप्टर सहसा रूटच्या ताब्यात असतो, म्हणून कित्येक जण प्रत्येक वेळी सुडो जोडून काम भागवतात. ही सवय वाईट. खरा उपाय जोडलेली उपकरणं सांभाळणाऱ्या यूडेव्हच्या नियमात आहे: अमुक बनावटीचा अ‍ॅडाप्टर दिसला की तो प्लगडेव्ह गटाला वापरू द्या. पॅकेज हा नियम बरोबर आणतं. सोर्समधून बांधणाऱ्याला मात्र '६०-ओपनओसीडी.रूल्स' ही फाइल ईटीसीखालच्या यूडेव्हच्या फोल्डरमध्ये स्वतःच्या हाताने ठेवावी लागते.

पॅकेज काढताना वेगळी गाठ बसते. डेबियनचा रिवाज असा की ईटीसीतल्या सेटिंगच्या फाइली मालकाच्या मानायच्या. त्याने त्यात काही लिहिलं असेल. म्हणून 'रिमूव्ह' म्हटलं तर प्रोग्राम जातो, त्या फाइली राहतात. त्याही घालवायच्या तर 'पर्ज' म्हणावं लागतं. बरोबर आलेल्या, आता कुणालाच नको असलेल्या भावंडांसाठी 'ऑटोरिमूव्ह'. तीन आज्ञा जरा जास्त वाटतात, पण दुसऱ्याच्या लिखाणाला न विचारता हात लावायचा नाही, हा संकोच मला पटतो.

सोर्समधून बांधलेली प्रत मात्र 'यूएसआर-लोकल'मध्ये बसते, आणि पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या डीपीकेजीच्या वहीत तिची नोंदच नसते. बहुतेक ठिकाणी शेल तिलाच आधी गाठतो. त्यामुळे पॅकेज काढलं तरी ओपनओसीडी चालूच, तेही जुनं. किंवा नवं पॅकेज बसवूनही जुनाच आवृत्ती-क्रमांक दिसतो. सोर्सचं फोल्डर जपलं असेल तर त्यात जाऊन 'मेक अनइन्स्टॉल' चालवता येतं. हाताने ठेवलेला यूडेव्हचा नियम त्यानंतरही तसाच असतो. तो आपणच पुसायचा, आणि यूडेव्हला नियम पुन्हा वाचायला सांगायचं.