गव्हाची कॉफी : एका पर्यायी पेयाचा इतिहास

एखादा माणूस रोज डाएट सोडा पितो आणि एके दिवशी ठरवतो की यापुढे त्याऐवजी कॉफी प्यायची. ही गोष्ट दिसायला अगदी घरगुती आहे. पण त्यामागे एक शास्त्रीय प्रश्न दडलेला आहे. एका पेयाच्या जागी दुसरे पेय आणले, तर नेमके काय सुटते आणि काय तसेच राहते? डाएट कोला सोडून कॉफी घेणाऱ्याची कृत्रिम गोडी सुटते, बुडबुडे सुटतात, पण कॅफीन सुटत नाही. उलट बहुधा वाढते. दुसरा कोणी कॉफी सोडून भाजलेल्या धान्याचे पेय घेऊ लागला, तर त्याच्याकडे रंग, वास आणि वाफाळता पेला राहतो, पण कॅफीन जाते. या दुसऱ्या प्रकारच्या प्रयोगाचा इतिहास लंडनमध्ये सुरू होऊन दक्षिण आफ्रिकेमार्गे आपल्या वर्ध्यापर्यंत येतो.

लंडन ते टॉलस्टॉय फार्म

१८८८ ते १८९१ या काळात मोहनदास गांधी कायद्याच्या शिक्षणासाठी लंडनला होते. तेथील शाकाहारी मंडळींमध्ये त्या वेळी असे मत प्रचलित होते की चहा-कॉफी अपायकारक आहे आणि कोको बरा. जे शरीराचे पोषण करते तेच खावे-प्यावे, अशी गांधीजींची धारणा होऊ लागली होती. म्हणून त्यांनी सामान्यतः चहा-कॉफी सोडून कोको घेण्यास सुरुवात केली. हे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. आज आपल्याला माहीत आहे की कोकोमध्ये थिओब्रोमीन हे कॅफीनच्याच कुळातील द्रव्य असते आणि थोडे कॅफीनही असते. म्हणजे हा बदल पूर्ण नव्हता. एका झाडाच्या बीऐवजी दुसऱ्या झाडाची बी, इतकाच होता.

पुढे दक्षिण आफ्रिकेत त्यांचा विचार बदलला. १९१३ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’ या साप्ताहिकात त्यांनी आरोग्यावर गुजराती लेखमाला लिहिली. तीत चहा, कॉफी आणि कोको या तिन्हींना त्यांनी विरोध केला. आरोग्याच्या कारणाबरोबर आणखी एक कारण त्यांनी दिले, ते म्हणजे या पिकांच्या मळ्यांवर राबणाऱ्या मजुरांचे हाल. ज्यांना कॉफीवाचून चालत नाही त्यांच्यासाठी एक कृतीही त्यांनी सांगितली. गहू निवडून स्वच्छ करावेत, तव्यावर लाल होऊन काळपट छटा येईपर्यंत भाजावेत, कॉफीप्रमाणे दळावेत. चमचाभर पूड पेल्यात घालून वर उकळते पाणी ओतावे आणि दूध-साखर घालून घ्यावे. जोहान्सबर्गजवळ १९१० मध्ये सुरू झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर सत्याग्रही कुटुंबांच्या आहारात ही गव्हाची कॉफी होती.

पर्यायी कॉफीची जुनी परंपरा

ही कल्पना अगदी नवी नव्हती. प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याने १७७७ मध्ये कॉफीविरुद्ध जाहीरनामा काढला होता. परदेशी मालापायी देशाचा पैसा बाहेर जातो, हे त्याचे दुखणे होते. १८०६ मध्ये नेपोलियनने इंग्लंडविरुद्ध व्यापारबंदी पुकारल्यावर युरोपात कॉफी दुर्मिळ झाली आणि चिकोरीचे मूळ भाजून दळण्याची प्रथा पसरली. चिकोरी पुढे आपल्या देशातही आली. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असली पाहिजे, असा आपल्याकडे नियम आहे. अमेरिकेत सी. डब्ल्यू. पोस्ट यांनी १८९५ मध्ये गहू, कोंडा आणि काकवी भाजून ‘पोस्टम’ नावाचे पेय बाजारात आणले. कॉफी महाग झाली, बंद झाली किंवा नकोशी झाली, की लोक भाजलेल्या पिठूळ किंवा गोड पदार्थाकडे वळतात, असे इतिहासात वारंवार दिसते.

याचे कारण रसायनशास्त्रात आहे. अमिनो आम्ले आणि शर्करा एकत्र तापल्या की तपकिरी रंग व खमंग वास देणारी अनेक संयुगे तयार होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. भाकरीचा पापुद्रा, भाजलेले शेंगदाणे, खरपूस भाजलेला रवा आणि कॉफीची बी, या सर्वांच्या वासात याच क्रियेचा वाटा आहे. म्हणून भाजलेल्या गव्हाला कॉफीची आठवण करून देणारा वास येतो. कॅफीन मात्र भाजण्याने निर्माण होत नाही. ते झाडाने आधीच तयार केलेले असावे लागते, आणि गव्हात ते नसते.

वर्ध्यात

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, म्हणजे मगनवाडीत, संघाचे मुख्य केंद्र सुरू झाले आणि जे. सी. कुमारप्पा चिटणीस झाले. १९३५ मध्ये गांधीजी मगनवाडीतच राहत होते. तेथील स्वयंपाकघर ही एक प्रयोगशाळाच होती. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, सोयाबीन, कच्चा भाजीपाला यांचे प्रयोग चालत. गजानन नाईक ताडगुळाचे काम पाहत. एप्रिल १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले.

हाच काळ चहा-कॉफीच्या संघटित प्रचाराचाही होता. चहाच्या निर्यातीवर १९०३ पासून उपकर बसवून प्रचारनिधी उभारला जात होता. १९३० नंतरच्या मंदीत माल पडून राहिल्यावर देशांतर्गत खप वाढवण्याचा जोर वाढला. १९३५ मध्ये कॉफीसाठीही उपकर आला आणि १९३६ मध्ये मुंबईत पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले. ज्या वर्षी मुंबईत कॉफी हाउस सुरू झाले, त्याच वर्षी गांधीजी शेगावला मुक्कामी गेले, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

१९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना गांधीजींनी ‘आरोग्यनी चावी’ हे पुस्तक लिहिले. त्याचे इंग्रजी भाषांतर डॉ. सुशीला नायर यांनी केले. त्यांनीच पुढे १९६९ मध्ये सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. या पुस्तकात चहाविषयी मांडलेला मुद्दा असा : चहात टॅनिन असते, चामडे कमावताना कातडे घट्ट करण्यासाठी टॅनिनच वापरतात, तेव्हा पोटाच्या आतल्या आवरणावरही त्याचा तसाच परिणाम होत असणार. म्हणून चहा घ्यायचाच तर गाळणीत पत्ती ठेवून वरून उकळते पाणी ओतावे आणि पाणी गवताच्या काडीच्या रंगाचे झाले की थांबावे. त्याहून चांगले म्हणजे गरम पाण्यात मध आणि लिंबू. टॅनिनचा हा दाखला वर्धेकरांना अनोळखी नव्हता. वर्ध्याजवळच्या नालवाडीला गोपाळराव वाळुंजकर चर्मालय चालवत होते.

नंतरचे विज्ञान काय म्हणते?

हा युक्तिवाद आज तपासून पाहिला तर त्याचे दोन भाग पडतात. चहाने पोटाचे कातडे कमावले जाते, हे खरे नाही. जिवंत पेशींचे आवरण सतत नवे होत असते. ते मेलेल्या कातड्यासारखे वागत नाही. पण टॅनिनकडे बोट दाखवणे मात्र चुकीचे नव्हते. टॅनिन आणि त्याच्या जातीची द्रव्ये लोहाशी जोडली जातात आणि मग ते लोह आतड्यात शोषले जात नाही. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९७५ मध्ये दाखवले की पावातील लोहाचे शोषण चहाबरोबर १०.४ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर येते. १९८३ मधील एका अमेरिकन अभ्यासात जेवणाबरोबर चहा घेतल्यास लोहाचे शोषण ६४ टक्क्यांनी आणि कॉफी घेतल्यास ३९ टक्क्यांनी कमी झाले. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीचा परिणाम झाला नाही. जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीचा मात्र तेवढाच झाला.

ही माहिती आपल्यासाठी किरकोळ नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. भाकरी-भाजीतील लोह आधीच कठीणपणे शोषले जाते, आणि आपल्याकडे शाळकरी मुलीही सकाळी चहात पोळी बुडवून खातात. गांधीजींच्या पुस्तकातील सल्ला कारणमीमांसेत चुकला, पण ज्या द्रव्याविषयी होता ते द्रव्य लक्ष देण्याजोगेच निघाले.

कॅफीनची कथा निराळी आहे. फ्रीडलीब रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये ते कॉफीच्या बियांतून वेगळे केले. १८२७ मध्ये चहात ‘थेईन’ सापडले आणि १८३८ मध्ये दोन्ही एकच असल्याचे सिद्ध झाले. मेंदूत दिवसभर ॲडेनोसीन साचते आणि त्यामुळे झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसते, म्हणून तरतरी वाटते. रोज कॅफीन घेणाऱ्याने ते एकदम बंद केले, तर १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते आणि हा त्रास दोन ते नऊ दिवस टिकू शकतो. एका झटक्यात गव्हाच्या कॉफीवर येणाऱ्याला वास तोच, पेला तोच, तरी डोके का दुखते, याचे उत्तर येथे आहे.

आता डाएट सोड्याकडे वळू. सॅकरिनचा शोध १८७९ चा, अस्पार्टेमचा १९६५ चा. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा साखरविरहित गोडी देणाऱ्या पदार्थांवर विसंबू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली. म्हणून कोणी डाएट कोला सोडून कॉफी सुरू करीत असेल तर दोन हिशेब करावेत. पहिला कॅफीनचा. ३३० मिलिलिटर डाएट कोलात ते साधारण ४० मिलिग्रॅम असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार १५० मिलिलिटर उकळून केलेल्या कॉफीत ८० ते १२०, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम असते. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. जेवणाआधी व नंतर किमान तासभर ही पेये टाळावीत, असेही ती सांगते. दुसरा हिशेब साखरेचा. दोन लहान चमचे साखरेचे तीन कप म्हणजे २५ ते ३० ग्रॅम साखर, जी डाएट सोड्यात नव्हती. तेव्हा सुरुवात एका लहान, फिक्या कपाने करावी, साखर आठवड्यागणिक कमी करीत जावी आणि दुपारनंतर कॉफी घेऊ नये.

वर्गात करून पाहण्यासाठी

नई तालीमची कल्पना १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत मांडली गेली. काम करता करता शिकावे, हे तिचे सूत्र येथेही लावता येते. कडक कोऱ्या चहात शाळेत मिळणारी लोहाची गोळी कुटून टाकावी. लोह आणि टॅनिन यांचा संयोग होऊन द्रव शाईसारखा काळा पडतो. हिरडा आणि लोहापासून पूर्वी शाई करीत, ती याच क्रियेने. नंतर गहू, ज्वारी आणि हरभरे वेगवेगळे भाजून रंग व वास यांची नोंद करावी. दाणे कोळशासारखे काळे होऊ देऊ नयेत, कारण फार भाजलेल्या धान्यात ॲक्रिलामाइड हे नकोसे द्रव्य वाढते, हे २००२ मध्ये लक्षात आले. प्रयोगासाठी वापरलेला चहा अर्थातच पिऊ नये. शेवटी विद्यार्थ्यांना घरातल्या प्रत्येक पेयासमोर चार रकाने आखायला सांगावेत : साखर, कॅफीन, टॅनिन, पोषण. एक पेय सोडून दुसरे धरताना कोणता रकाना बदलला हे ज्याला सांगता येते, त्याला जाहिरातही फसवू शकत नाही आणि थोरांचा उपदेशही तो डोळे मिटून स्वीकारीत नाही.