शुहूर सनाचा कालनिर्देश व त्याचे संगणकीय वाचन

पेशवेकालीन पत्र हाती आले म्हणजे अभ्यासकाची दृष्टी प्रथम मितीकडे वळते. कारण मिती ठरल्यावाचून पत्रातील वृत्ताला इतिहासात स्थान देता येत नाही. पूर्वी हे काम जंत्री पुढे ठेवून होत असे. आता ते संगणकाच्या आज्ञावलीवरही सोपविता येते. त्यात यंत्राचा अधिकार कोठे संपतो, एवढाच विचार प्रस्तुत टिपणात कर्तव्य आहे.

शुहूर सनाचा आकडा अरबी संख्यावाचकांनी लिहीत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, बेरीज ११६१. मराठीत शंभरापर्यंतच्या संख्यांना बहुधा निरनिराळी रूपे पाठ करावी लागतात. येथे वीस-एकवीस शब्दांची सारणी पुरते. मात्र ‘सित’ म्हणजे सहा व ‘सितैन’ म्हणजे साठ, ‘सबा’ म्हणजे सात व ‘सबैन’ म्हणजे सत्तर. यास्तव शब्दाच्या आरंभावरून निर्णय न करता संपूर्ण शब्द जुळविला पाहिजे. महिन्यांच्या नावांतही सावधगिरी हवी. हिजरी शव्वाल मराठी पत्रांत ‘सवाल’ होतो, आणि ‘सवाल’ म्हणजे प्रश्नही होय. मागे ‘छ’ ही खूण व चंद्राचा अंक असेल, तरच तो महिना समजावा.

येथवर प्रश्न भाषेचा झाला. खरी अडचण गणनेची आहे. शुहूर वर्ष सौर असून सूर्याच्या मृगप्रवेशापासून सुरू होते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढे ६०० मिळविले असता इसवी सन येतो. महिने मात्र हिजरी, म्हणजे चांद्र. बारा चांद्र महिन्यांचे दिवस सुमारे ३५४ भरतात. साहजिकच सौर वर्षाच्या आरंभीचे दहा-अकरा चंद्र त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा येतात.

उदाहरणार्थ, एखाद्या पत्रावर ‘छ २५ सवाल’ व शुहूर ११६१ एवढाच निर्देश आहे असे समजू. ही मिती १० जून १७६० च्या सुमारास पडते, तशीच ३० मे १७६१ च्या सुमारासही पडते. या दोहोंच्या मध्ये १४ जानेवारी १७६१ चे पानिपत आहे. पहिली तारीख धरली तर सदाशिवरावभाऊ उत्तरेच्या मोहिमेवर आहेत. दुसरी धरली तर ते व विश्वासराव रणात पडून चार महिने लोटले आहेत. पत्रातील ‘फौजेची तजवीज’ मोहिमेची की पराभवानंतरच्या सावरासावरीची, हे त्या एका निवडीवर ठरेल.

अशा स्थळी आज्ञावलीने पहिली जुळलेली तारीख देऊन स्वस्थ बसणे हा दोष होय. तिने दोन्ही तारखा द्याव्यात. चंद्रदर्शनामुळे एका दिवसाचा फरक संभवतो, तोही नोंदवावा. पत्रात वार किंवा तिथी असल्यास तिच्याशी ताडून पाहावे. एवढ्यानेही निर्णय न लागल्यास मिती संदिग्ध म्हणून ठेवावी. सूचीत एकदा शिरलेली निश्चित तारीख पुढील अभ्यासक पुराव्याप्रमाणे वापरतो आणि मूळ पत्राकडे सहसा परतत नाही. गणित यंत्राने करावे. निवड मजकूर वाचणाऱ्यानेच करावी.