रूथ डकवर्थ : चाकाविना घडलेले पोर्सेलिन

कुंभार म्हटले की फिरते चाक डोळ्यांसमोर येते. पण चाकाशिवायही मातीची भांडी घडतात. चिमटीने दाबून, मातीच्या वळ्या एकावर एक रचून किंवा पोळीसारखी लाटलेली माती जोडून आकार देण्याची पद्धत चाकापेक्षा जुनी आहे. रूथ डकवर्थ (१९१९–२००९) यांनी ती पोर्सेलिनसारख्या हट्टी मातीवर वापरली आणि वापरायचे भांडे व शिल्प यांमधली रेघ पुसट केली.

पोर्सेलिन म्हणजे काय?

आपण लोणच्याच्या बरणीला ‘चिनी मातीची बरणी’ म्हणतो. ती बहुधा स्टोनवेअर या जाड, अपारदर्शक प्रकारची असते. पोर्सेलिन वेगळे. केओलिन ही पांढरी माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांचे मिश्रण साधारण १२५० ते १४०० अंश सेल्सिअसला भाजले की फेल्डस्पार वितळून काचेसारखा होतो आणि बाकीचे कण बांधून ठेवतो. त्यामुळे भांडे पांढरेशुभ्र व कठीण होते. पातळ असेल तर त्यातून उजेडही झिरपतो.

हाताने घडवणे अवघड का?

केओलिनचे कण तुलनेने मोठे असतात, त्यामुळे या मातीला चिकटपणा कमी. वाकवताना ती पटकन चिरते. वाळताना आणि भाजताना ती बरीच आकसते. जोडलेल्या दोन भागांतला ओलावा सारखा नसेल तर सांधा उकलतो. भट्टीत ती मऊ पडते, तेव्हा उभी पातळ भिंत कलंडू शकते. ही माती आडवी व्हायला बघते आणि आपण तिला उभे करू पाहतो, अशा अर्थाचे डकवर्थ यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे.

हॅम्बर्ग ते लंडन

रूथ यांचा जन्म हॅम्बर्गचा. वडील ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांना कलाशिक्षण घेणे अशक्य झाले. १९३६ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि लिव्हरपूलच्या कलाशाळेत शिकू लागल्या. युद्धकाळात त्यांनी दारूगोळ्याच्या कारखान्यात काम केले. पुढे थडग्यांच्या दगडांवर कोरीवकामही केले. लंडनमधील ख्यातनाम कुंभार ल्युसी री यांनी त्यांना मातीकामाचे रीतसर शिक्षण घेण्याचा सल्ला दिला. १९५६ मध्ये, पस्तिशी ओलांडल्यावर, त्या सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्समध्ये दाखल झाल्या.

त्या काळी ब्रिटिश कुंभारकामावर बर्नार्ड लीच यांचा मोठा प्रभाव होता. चाकावरची, साधी, रोजच्या वापराची भांडी हा तिथला आदर्श होता. शिल्पकलेतून आलेल्या डकवर्थ यांनी मात्र वळ्या आणि पाट्या जोडून असमान, सेंद्रिय आकार घडवले. ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न अशा कामाला हमखास विचारला जाई.

शिकागोतील काम

१९६४ मध्ये त्या शिकागो विद्यापीठात एका वर्षासाठी शिकवायला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. विद्यापीठाच्या भूभौतिक विज्ञान इमारतीत ‘अर्थ, वॉटर अँड स्काय’ (१९६७–६८) हे त्यांचे स्टोनवेअर भित्तिशिल्प आहे. प्रवेशदालनाच्या चारही भिंती आणि छत त्याने व्यापले आहे. पुढे त्यांनी एका जुन्या लोणच्याच्या कारखान्यात घर आणि कार्यशाळा थाटली.

पोर्सेलिनमध्ये मात्र त्या आकाराने लहान, नाजूक काम करत. त्यांची ‘कप आणि पाते’ मालिका विशेष ओळखली जाते. एक छोटी वाटी आणि तिच्यात किंवा तिला लागून उभे केलेले मातीचे पातळ पाते, एवढीच ही रचना. वाटी ओळखीची असते, पण पात्यामुळे तिचा वापर थांबतो आणि आपण तिच्याकडे नुसते पाहू लागतो. बहुतेक कलाकृतींना त्यांनी नावच दिले नाही, त्यामुळे अर्थ लावण्याचे काम पाहणाऱ्याकडेच राहते.

महत्त्व

आज हाताने घडवलेले पोर्सेलिन संग्रहालयात शिल्प म्हणून मांडले जाते, तेव्हा कोणाला नवल वाटत नाही. तो मार्ग रुळवणाऱ्यांमध्ये डकवर्थ अग्रणी होत्या. भांडे आणि शिल्प यांतले एकच निवडण्याची सक्ती त्यांनी मानली नाही. वयाच्या नव्वदीपर्यंत त्या माती हाताळत राहिल्या.