चंचीतून पुडीत

इ.स. १६०४च्या सुमारास असद बेग विजापूरहून अकबराच्या दरबारी परतला, तो तंबाखू आणि जडावाची नळी घेऊन. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले आणि हकिमाने अडवलं. उत्तरेत तंबाखू पोचली ती अशी, धुरासकट. मराठी मुलखात ती चिलमीत राहिलीच, पण खरी मुरली विड्यात. पान, सुपारी, चुना घरोघर आयतेच होते. चुना लावला की तंबाखू ‘लागते’, हे खाणाऱ्याला आधीपासून ठाऊक होतं. क्षारामुळे निकोटिन मोकळं होतं आणि तोंडातूनच रक्तात उतरतं, हा खुलासा मागाहून आला.

चंची कापडाची, कप्प्याकप्प्यांची. एकात सुपारी, एकात कात, एकात तंबाखू, जोडीला चुन्याची डबी आणि अडकित्ता. पारावर ती उलगडली की शेजारच्यापुढे करावीच लागे.

बायकांची तंबाखू चुलीपाशी. पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, कुटायचं आणि बोटाने दातांना लावायचं. मशेरीला घरात कोणी व्यसन म्हणत नसे, ते दात घासणं होतं. फक्त दुपारी तलफ आली की दात पुन्हा घासले जात.

अशी तंबाखू मुद्दाम विचारल्याशिवाय नोंदीत येत नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रकाश गुप्ता यांच्या पथकाने मुंबईत पस्तिशीपुढच्या सुमारे १ लाख लोकांना गाठलं आणि उत्तरं हातातल्या छोट्या संगणकावर टिपली. कडक पहाऱ्याच्या इमारती त्यात नव्हत्या, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी आकडे दचकवणारेच. बायकांत ओढणाऱ्या ०.४ टक्के, बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या ५७ टक्के, त्यांत मशेरी सर्वांत पुढे. पुरुषांत ओढणारे २३.६ टक्के आणि त्यांतले जवळपास निम्मे खाणारेही. म्हणजे विडीकाडीवाला वेगळा आणि तंबाखू खाणारा वेगळा, ही वाटणी कागदावरचीच.

तोवर चंची मागे पडत चालली होती. गुटख्याच्या पुडीत सगळं कारखान्यातच कालवलेलं. टपरीवर माळा लटकू लागल्या आणि शाळकरी पोरांच्या खिशालाही ती परवडली. राज्याने २००२ मध्ये घातलेली बंदी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ मध्ये ती परतली, या वेळी अन्नपदार्थात तंबाखू नको या नियमाच्या आधाराने.

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. २००९-१० ते २०१६-१७ दरम्यान महाराष्ट्रात ओढणारे ६.६ वरून ३.८ टक्क्यांवर आले. बिनधुराची वापरणारे २७.६ वरून २४.४ वर. मला यात नवल वाटत नाही. २ ऑक्टोबर २००८पासून सार्वजनिक जागी धूर काढायची चोरी झाली. गालातली चिमूट कचेरीत, एसटीत, कुठेही बिनबोभाट चालते. शिवाय गुटखा अन्न म्हणून कायद्यात सापडला. साधी तंबाखू चुन्यासकट आजही टपरीवर मिळते, आणि घरच्या तव्यावरची मशेरी तपासायला कोणता अन्न निरीक्षक येणार?