हमीकाळानंतरचे ग्राहक हक्क

हमीची मुदत संपल्यावर महागडा टीव्ही, फ्रिज वा मोबाइल बंद पडला, तरी ग्राहकाला उरणारे कायदेशीर संरक्षण. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ (अंमल : २० जुलै २०२०) नुसार वस्तूतील दोष केवळ हमीपत्रावरून ठरत नाही. निर्मितीतच दोष होता असे सिद्ध झाले, तर ‘मुदत संपली’ एवढे उत्तर पुरेसे नसते. सिद्ध करणे मात्र कठीण आणि कोकणात अधिकच. दमट हवा, विजा, विद्युतदाबातील चढउतार यांकडे विक्रेत्याला सहज बोट दाखवता येते. अशा वेळी ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो (कलम ३८). बिल आणि दुरुस्तीच्या पावत्या म्हणूनच जपाव्यात.

गोव्याच्या सीमेलगतच्या इन्सुलीला (ता. सावंतवाडी) कलम ३४ विशेष मोलाचे आहे. खरेदी गोव्यातील म्हापशात झाली, तरी तक्रार राहत्या जिल्ह्यात, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा आयोगाकडे करता येते. १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. या नव्या सोयीने सामान्य माणसाची मोठी पायपीट वाचवली. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीवर तक्रारशुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत अर्ज करावा लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : १९१५.