सडबरीची कुरणे

इंग्लंडच्या सफोक परगण्यात, स्टाउर नदीच्या वळणात, सडबरी हे जुन्या बाजारपेठेचे गाव आहे. पेठेतून निघालेला मनुष्य थोड्याच वेळात नदीकाठच्या कुरणांत येतो. वाट सपाट; वृद्धांनीही सहज चालावी अशी. परंतु ही सुगमता केवळ निसर्गदत्त नव्हे. तेराव्या शतकात रिचर्ड द क्लेअर या सरदाराने येथील कुरणे नगरवासीयांस चराईसाठी दिली, आणि तो हक्क त्यांनी जपला. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटच्या कायद्यांनी देशभर सामायिक जमिनींस कुंपणे पडली, गरिबाच्या गाईला चरावयास जागा उरली नाही. सडबरीच्या कुरणांत मात्र उन्हाळ्यात आजही गुरे चरतात.

चित्रकार टॉमस गेन्सबरो १७२७ साली येथेच जन्मला. १७५० च्या सुमारास त्याने रंगविलेले अँड्र्यूज दांपत्याचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात जवळपासचेच शेत दिसते: पेंढ्या रचलेल्या, मालकाच्या काखेत बंदूक, आणि ज्यांनी कापणी केली त्यांच्यापैकी एकही नाही! इतका देखणा मालकीहक्क क्वचितच रंगविला गेला असेल.

गावापलीकडे केंब्रिजच्या दिशेने जाणारा लोहमार्ग १९६७ साली बंद झाला. त्याच्या काही भागावरूनही आता माणसे पायी हिंडतात.